दख्खनची तारीख लिहून ठेवणारे मुहम्मद कासिम फरिश्ता

सोलापूरहून विजापूरला निघालं की वाटेत मंद्रूप लागतं. पुढे भीमा ओलांडली की कर्नाटक. चार-साडेचारशे वर्षांपूर्वी याच पट्ट्यासाठी अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही पुन्हा पुन्हा भिडली. सोलापूरचा किल्ला एका लग्नात जहेज म्हणून कबूल झाला, पण मिळाला नाही, त्यावरून लढाया झाल्या. पुढे चाँदबीबींच्या निकाहात तो विजापूरकडे गेला. आज हे सगळं आपण सांगू शकतो, त्याचं मोठं श्रेय मुहम्मद कासिम फरिश्ता यांना जातं.

फरिश्ता यांचा जन्म इराणातल्या अस्तराबादचा. वडील गुलाम अली हिंदूशाह आलिम होते. ते मुलाला घेऊन अहमदनगरला आले आणि शहजादा मीरान हुसेन यांना फारसी शिकवू लागले. छोटा कासिमही शहजाद्यासोबतच शिकला. १५८८ मध्ये याच शहजाद्याने बापाविरुद्ध बंड केलं, तेव्हा फरिश्ता सुलतानाच्या पहाऱ्यावर होते. जुन्या दोस्तीमुळे त्यांचा जीव वाचला. वर्षभरात मीरान हुसेनही मारले गेले. शहरात परदेशी मुसलमानांची कत्तल सुरू झाली आणि १५८९ मध्ये फरिश्ता विजापूरला आले.

तिथे सुरुवातीला त्यांनी फौजेत नोकरी केली. पण दुसरे इब्राहिम आदिलशाह यांनी त्यांच्यावर वेगळं काम सोपवलं. तोवरच्या बहुतेक ग्रंथांत दिल्लीचं सविस्तर आणि दख्खनचं चार ओळींत असायचं. सुलतानांना सगळ्या मुलखांना न्याय देणारा इतिहास हवा होता. फरिश्ता यांनी तीसहून अधिक जुने ग्रंथ चाळले. कामकाजासाठी प्रवासही घडला. १६०४ मध्ये विजापूरची शहजादी अकबरपुत्र दानियाल यांच्याशी निकाहासाठी पैठणकडे निघाली, त्या काफिल्यात ते होते. दोन वर्षांनी जहांगीर बादशहाकडे वकील म्हणून ते लाहोरला गेले. याच धावपळीत गुलशन-ए-इब्राहिमी तयार झाला. आपण त्याला तारीख-ए-फरिश्ता म्हणून ओळखतो. बारा भागांच्या या ग्रंथात गुलबर्गा, विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, वऱ्हाड, बिदर यांचा स्वतंत्र इतिहास आहे, आणि शेवटचा भाग सूफी बुजुर्गांचा.

ग्रंथ टिकला तोही अनेकांच्या मेहनतीने. जॉन ब्रिग्ज यांनी त्याच्या इंग्रजी भाषांतराचं काम हाती घेतलं होतं. १८१७ मध्ये पुण्याची रेसिडेन्सी लुटली-जाळली गेली आणि त्यांची हस्तलिखितं गेली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये आलं आणि मूळ फारसी ग्रंथ १८३१ मध्ये मुंबईत छापला गेला. पुढे भ. ग. कुंटे यांनी तो मराठीत आणला, म्हणून आज आपल्या मुलांनाही तो वाचता येतो.

फरिश्ता यांचं सगळंच बरोबर नव्हतं. फौजांचे आकडे ते फुगवून देतात. एका बहमनी सुलतानाचं नाव त्यांनी महमूद लिहिलं, नाणी आणि शिलालेख मात्र मुहम्मद सांगतात. एवढ्या मोठ्या ग्रंथाची चूक एका छोट्या नाण्याने आणि भिंतीतल्या दगडाने दुरुस्त केली, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

कारण असे दगड आपल्याही गावांत आहेत. मशिदीच्या कमानीवरचा फारसी शिलालेख आपण रंगरंगोटीत ऑइलपेंटखाली दाबतो. वक्फचे मोडीतले कागद पेटीत वाळवी खाते. कबरस्तानातल्या जुन्या कबरींची नावं पुसत चाललीत. मंद्रूपसारख्या गावात कुणी वहीत या नोंदी करत असेल, बुजुर्गांकडून ऐकून लिहून घेत असेल, तर त्याला रिकामटेकडा म्हणू नका. जमातीने त्याचा सत्कार करावा, पण शाल देऊन थांबू नये. त्याला पेटी उघडून द्यावी, कागदांचे फोटो काढू द्यावेत, मोडी आणि फारसी वाचणारा माणूस शोधून द्यावा. रंगकाम काढण्याआधी शिलालेखाचा फोटो तर कुणीही काढू शकतो.

फरिश्ता यांनी इतक्या सुलतानांच्या मृत्यूच्या तारखा लिहिल्या. त्यांच्या स्वतःच्या मृत्यूची खात्रीची तारीख मात्र कुणी लिहून ठेवली नाही. आपल्या गावांच्या बाबतीत तसं होऊ नये, एवढीच दुआ आणि एवढीच विनंती.