शिल्पकार नानासाहेब करमरकर

तुम्ही पुण्याला गेलात, तर शिवाजीनगरमधला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा नक्की बघा. अश्वारूढ म्हणजे घोड्यावर बसलेला. हा पुतळा श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. त्याची उंची सुमारे साडेतेरा फूट आहे! तो घडवला विनायक पांडुरंग करमरकर यांनी. लोक त्यांना नानासाहेब म्हणत.

नानासाहेबांचा जन्म १८९१ साली सासवणे गावात झाला. हे गाव अलिबागजवळ, समुद्राच्या काठी आहे. त्यांचे वडील शेती करायचे आणि गणपतीच्या मूर्तीही बनवायचे. त्यामुळे लहानपणीच विनायकला मातीची आणि चित्रांची गोडी लागली. एकदा त्याने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड गावात आले होते. त्यांनी ते चित्र पाहिलं आणि ते थक्क झाले! त्यांच्या मदतीमुळे विनायकला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकता आलं. पुढे तो कलकत्त्याला गेला आणि १९२० साली लंडनला.

त्या काळी मुंबईतले अनेक मोठे पुतळे इंग्लंडमध्ये तयार व्हायचे आणि बोटीने यायचे. असं काम आपल्याकडे होईल का, अशी शंका लोकांना वाटणं साहजिक होतं.

पुण्यात शिवाजी महाराजांचं स्मारक व्हावं, अशी कोल्हापूरच्या शाहू महाराजांची इच्छा होती. १९२१ साली पायाभरणी झाली. पण १९२२ मध्ये शाहू महाराज वारले. मग त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी हे काम पुढे नेलं. पुतळ्याची जबाबदारी नानासाहेबांवर आली.

असा पुतळा कसा बनतो, माहीत आहे का? आधी मातीचा नमुना करतात. त्यावरून साचा बनवतात. मग साच्यात वितळलेलं ब्राँझ ओततात. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील यांचं मिश्रण. ओतताना चूक झाली, तर कित्येक महिन्यांची मेहनत वाया! नानासाहेबांचा पुतळा मुंबईत ओतला गेला आणि तो उत्तम झाला. मग तो रेल्वेने घाट चढून पुण्याला आला. १६ जून १९२८ रोजी त्याचं अनावरण झालं. तेव्हा नानासाहेब अवघे ३६ वर्षांचे होते.

आता ते प्रसिद्ध झाले होते. पण त्यांनी फक्त राजे आणि पुढारीच घडवले असं समजू नका. त्यांनी कोळीण घडवली, गावातली साधी माणसं घडवली, म्हैससुद्धा घडवली! महाराजांच्या घोड्याकडे जितकं बारीक लक्ष दिलं, तितकंच त्या म्हशीकडेही दिलं. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवलं. १९६७ साली त्यांचं निधन झालं.

सासवण्याचं त्यांचं घर आज संग्रहालय आहे. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरलात, की ते गाव जवळच आहे. पुण्यातला पुतळा मान वर करून बघावा लागतो. सासवण्याची माणसं मात्र तुमच्यासमोर, अगदी शेजारी असल्यासारखी भेटतात.

सांगा पाहू :
१. कलेक्टर थक्क का झाले?
२. तुम्हाला पुतळा करायचा असेल, तर तुमच्या ओळखीतलं कोण निवडाल? का?