पहिली सुई स्वतःला : डॉ. हाफकिन

परळची हाफकिन इन्स्टिट्यूट आपल्या परिचयाची आहे. परंतु तिला ज्यांचे नाव लाभले, त्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस शोधली व १८९२ साली ती प्रथम स्वतःलाच टोचली.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. सरकारने त्यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात अवघ्या तीन महिन्यांत त्यांनी लस सिद्ध केली. तीत उष्णतेने मारलेले प्लेगचे जंतू होते. मेलेले जंतू रोग देत नाहीत. पण शरीर शत्रूला ओळखू लागते व खऱ्या हल्ल्याआधीच प्रतिकाराची तयारी करून ठेवते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी हीही लस आधी स्वतःला टोचली.

लोक सुईला भीत होते. तेव्हा तरुण आगाखान (तिसरे) यांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली. ते पाहून त्यांच्या अनुयायांना धीर आला.

पुढे १९०२ साली तत्कालीन पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. आळ हाफकिन यांच्यावर आला, पदही गेले. अखेर १९०७ साली ते दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

पालकहो, अफवा तोंडी पसरते. विश्वास मात्र कोणीतरी स्वतः पुढे होऊन कमवावा लागतो. मुलांच्या लसीची तारीख चुकवू नका.