सूर्याला कामाला लावणारे विल्यम अ‍ॅडम्स



थोर शास्त्रज्ञांची चरित्रे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. न्यूटन, फॅरडे, जगदीशचंद्र बोस ही नावे शाळेतच आपल्या ओळखीची होतात. परंतु ती वाचताना एक समज नकळत मनात घर करून बसतो. संशोधन म्हणजे मोठी प्रयोगशाळा, महागडी उपकरणे आणि विलायतेची पदवी. ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे. चिंचपोकळी, लालबाग, भायखळा या भागात दहा बाय बाराच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला असे वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. हा समज दूर करणारे एक उदाहरण आपल्याच मुंबईत घडले आहे. सौरशक्तीच्या इतिहासात ज्यांचे नाव आवर्जून घेतले जाते, ते विल्यम अ‍ॅडम्स मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होते. पेशाने ते इंजिनिअर नव्हते, प्राध्यापकही नव्हते. त्यांचा दिवस कज्ज्यांच्या कागदपत्रांत जात असे. सूर्याच्या उष्णतेवर इंजिन चालवण्याचे काम त्यांनी केवळ हौसेने, पदरचे पैसे खर्चून आणि राहत्या बंगल्याच्या आवारात केले.

कोळशाच्या धुरातील मुंबई

अ‍ॅडम्स यांचे काम समजण्यासाठी त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणली पाहिजे. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीचा पाया घातला. पुढच्या पंचवीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. परळ, चिंचपोकळी, भायखळा या बागा आणि शेते असलेल्या भागात चिमण्या उभ्या राहू लागल्या. 1865 मध्ये शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅसही कोळशापासूनच काढला जाई. लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात ती आठवण अजून शिल्लक आहे.

पण हा कोळसा मुंबईच्या आसपास कोठेच सापडत नव्हता. त्यातला बराचसा विलायतेहून जहाजाने येई. साहजिकच तो महाग पडे. लाकूड वापरावे तर जंगले तुटत होती आणि जळणाचा भाव वाढत होता. या अडचणीकडे अनेकांनी पाहिले असेल. अ‍ॅडम्स यांनी मात्र डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिले. ज्या देशात वर्षातील आठ महिने आकाश निरभ्र असते, तेथे उष्णता परदेशातून विकत आणावी लागते, ही गोष्ट त्यांना खटकली.

एका शिक्षकाचे यंत्र आणि त्यातील उणिवा

याच सुमारास फ्रान्समधील तूर गावच्या एका शिक्षकाची हकिकत अ‍ॅडम्स यांच्या वाचनात आली. ऑग्युस्तँ मूशो हे त्या शिक्षकाचे नाव. ते गणित शिकवत. आतून चांदीचा मुलामा दिलेला धातूचा मोठा शंकू उन्हात धरून, त्याच्या मध्यभागी ठेवलेल्या बॉयलरमधील पाण्याची त्यांनी वाफ केली होती आणि त्या वाफेवर छोटे इंजिन चालवून दाखवले होते.

किरण एकवटण्याची विद्या अर्थात फार जुनी आहे. सुमारे 1000 वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी वक्र आरशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून, कोणत्या आकाराचा आरसा किरणांना एका बिंदूवर आणतो हे भूमितीने सिद्ध केले होते. मूशो यांनी त्याच विद्येला यंत्राची जोड दिली.

अ‍ॅडम्स यांनी मूशोंचे कौतुक केले, पण तेथेच ते थांबले नाहीत. त्यांनी त्या यंत्राची परीक्षा केली. धातूचा मुलामा लवकर काळवंडतो. असा शंकू बनवायला खर्च फार येतो. आकार वाढवला की तो इतका अवजड होतो की सूर्याबरोबर फिरवणे कठीण. अर्ध्या अश्वशक्तीच्या इंजिनापलीकडे या रचनेची मजल जाणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्याच्या कामातील चूक दाखवणे सोपे असते. ती दुरुस्त करण्याची जबाबदारी स्वतःवर घेणारे थोडे असतात. अ‍ॅडम्स त्या थोड्यांपैकी होते.

बहात्तर आरसे

त्यांची युक्ती साधी होती. एक मोठा वक्र आरसा बनवण्याऐवजी बाजारात मिळणारे काचेचे सपाट आरसे घ्यायचे, आणि प्रत्येक आरसा अशा कोनात बसवायचा की सर्वांचे किरण एकाच ठिकाणी पडतील. काच स्वस्त असते, काळवंडत नाही, फडक्याने पुसता येते आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. हे आरसे त्यांनी एका मोठ्या चौकटीवर बसवले. बॉयलर एका जागी स्थिर ठेवला आणि चौकट त्याच्याभोवती अर्धवर्तुळाकार मार्गावर सरकेल अशी व्यवस्था केली. सूर्य सरकला की चौकटही सरकवायची. एका मजुराने दिवसातून तीन-चार वेळा हे केले तरी काम भागे.

त्यांची प्रयोगाची पद्धतही शिकण्यासारखी आहे. प्रत्येक आरसा सुमारे 17 इंच लांब आणि 10 इंच रुंद होता. त्यांनी एकदम सगळे आरसे लावले नाहीत. थोडे थोडे वाढवत गेले आणि दर वेळी तापमान मोजले. त्या मोजमापांवरून त्यांनी हिशेब केला की 1200 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 650 अंश सेल्सिअस उष्णता मिळवण्यासाठी 72 आरसे लागतील. आरशांच्या किरणांसमोर लाकडाचा तुकडा धरला तर तो तत्काळ पेट घेई.

पुढे त्यांनी बॉयलरला अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन जोडले. मिडल कुलाब्यातील त्यांच्या बंगल्याच्या आवारात हे इंजिन पंधरवडाभर दिवसा केवळ उन्हावर चालले. ते पाहण्यासाठी त्यांनी वर्तमानपत्रांना कळवले आणि शहरातील मोठ्या मंडळींना आमंत्रणे धाडली. सरसेनापती, लष्करी इंजिनिअर, बांधकाम खात्याचे सचिव, न्यायाधीश आणि प्रमुख गिरणीमालक असे पाहुणे येऊन गेले.

सात शिपायांचे जेवण

अ‍ॅडम्स यांनी स्वयंपाकाची सूर्यचूलही केली होती. लाकडाच्या सांगाड्यात आतून साध्या आरशाच्या काचा बसवलेला शंकू, मध्ये तांब्याचे भांडे आणि त्यावर काचेचे आवरण, एवढीच तिची रचना. काचेतून ऊन आत जाते, पण आतली उष्णता सहज बाहेर पडत नाही. हे तत्त्व आजच्या सौर कुकरमध्येही वापरले जाते. जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईतील सर्वांत थंड दिवसांत, सात शिपायांच्या शिध्यातील मांस आणि भाज्या या चुलीवर दोन तासांत शिजल्या. ही माहिती 1878 च्या जूनमध्ये अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या प्रसिद्ध नियतकालिकात छापून आली.

त्याच वर्षी त्यांनी आपले सर्व प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, हा त्या इंग्रजी पुस्तकाचा विषय. आपल्या शेजारच्या भायखळ्यातील एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात ते छापले गेले आणि त्याला पारितोषिकही मिळाले. अ‍ॅडम्स यांचे आरसे कधीच नाहीसे झाले, परंतु लिहून ठेवल्यामुळेच त्यांचे काम आपल्यापर्यंत पोहोचले.

सूर्य मावळल्यावर काय?

मग गिरण्या उन्हावर का चालल्या नाहीत? पाहुण्यांतील इंजिनिअर मंडळींनी यंत्राची वाहवा केली, पण कोळशाची जागा ते पूर्णपणे घेईल असे त्यांना वाटले नाही. जोडीला वापरावे, इतपतच त्यांचे मत होते. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. गिरणीला शेकडो अश्वशक्ती लागत होती. पावसाळ्यात ऊन नाही. आणि मुख्य म्हणजे सूर्य मावळला की इंजिन बंद. मिळवलेली शक्ती साठवायची कशी, या प्रश्नाचे उत्तर अ‍ॅडम्स यांच्या यंत्राजवळ नव्हते. या प्रदर्शनानंतर लवकरच त्यांचे प्रयोग थांबले.

गंमत अशी की या उत्तराची सुरुवात तेव्हा झालेली होती. 1859 मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लँते यांनी शिशाचे दोन पत्रे सौम्य गंधकाम्लात ठेवून वीज साठवणारी बॅटरी तयार केली. मोटारीत आणि इन्व्हर्टरला आपण जी बॅटरी वापरतो ती तिचीच वंशज. आणि 1876 मध्ये लंडनमध्ये विल्यम ग्रिल्स अ‍ॅडम्स या प्राध्यापकाने रिचर्ड डे या विद्यार्थ्याच्या मदतीने दाखवले की सेलेनियम या पदार्थावर प्रकाश पडला की वीज निर्माण होते. नामसाधर्म्यामुळे या दोघा अ‍ॅडम्सांत गल्लत करू नये. एकाने मुंबईत उन्हाची उष्णता पकडली, दुसऱ्याने लंडनमध्ये उन्हाची वीज. 1954 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौर घट तयार झाला आणि आजचे सोलर पॅनेल शक्य झाले.

मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली ती 1915 पासून, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून. तेथे लोणावळ्याच्या तलावांत पावसाचे पाणी साठवून ठेवतात. साठवणीचा प्रश्न सुटला तेव्हाच शक्ती हुकमी झाली. अ‍ॅडम्स यांची कल्पनाही वाया गेली नाही. अनेक सपाट आरसे एका स्थिर बॉयलरवर किरण फेकतात, अशी मोठी वीजकेंद्रे स्पेनमध्ये 2007 पासून आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियातही उभी राहिली. त्यांच्या मुळाशी कुलाब्याच्या आवारातील तीच रचना आहे.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, अ‍ॅडम्स यांच्याजवळ नव्हते ते आज तुमच्याजवळ आहे. लहान सोलर पॅनेल आता विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून घेण्याजोगे झाले आहे. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या भंगाराच्या भावाने मिळतात. शाळेच्या विज्ञान मंडळासाठी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हा उत्तम प्रयोग आहे. मात्र तो अ‍ॅडम्स यांच्याप्रमाणे मोजमाप करूनच केला पाहिजे.

जुनी बॅटरी घेण्यापूर्वी तपासा. 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवल्यावर तिने सुमारे 12.6 व्होल्ट दाखवले पाहिजेत. नंतर हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाची घनता पाहा. ती 1.25 च्या पुढे आणि सहाही घटांत जवळजवळ सारखी हवी. एक जरी घट इतरांपेक्षा फार खाली असेल तर बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊ नका. मोटारीची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. दिवा रात्रभर जाळायचा तर इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी बरी.

आता हिशेब करा. 100 अँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीत निम्मी ताकद उरली असे धरू. तीही निम्मीच वापरायची, म्हणजे 25 अँपिअर-तास. 12 व्होल्टने गुणले तर 300 वॉट-तास झाले. 9 वॉटचा एलईडी दिवा यावर तीस तासांच्या आसपास जळेल. ज्या बॅटरीला लोक मेलेली म्हणतात, तिच्यात चार-पाच रात्रींच्या अभ्यासाचा उजेड शिल्लक असू शकतो! 50 वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे 200 वॉट-तास वीज देते. मध्ये चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीजवळ फ्यूज लावायला विसरू नका.

पालकांना येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. या बॅटरीत गंधकाम्ल असते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगी पडली तर त्याचा स्फोट होतो. म्हणून बॅटरी झोपण्याच्या खोलीत किंवा चुलीजवळ ठेवू नये. ती हाताळताना चष्मा आणि रबरी हातमोजे वापरावेत. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्यांत गेले तर धुऊन ताबडतोब डॉक्टर गाठावा. बॅटरी फोडून शिसे काढण्याचा उद्योग घरात किंवा गल्लीत कोणालाही करू देऊ नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते, त्यांची शिकण्याची शक्ती कमी करते. निकामी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करवून त्यांचा पुनर्वापर करवणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे. मोबाइल आणि लॅपटॉपचे जुने लिथियम घट तर मुलांनी उघडूच नयेत, त्यांना आग लागते.

एवढी काळजी घेतल्यावर मात्र मुलाच्या हातातील तार आणि स्क्रू-ड्रायव्हर हिसकावून घेऊ नका. अब्बांना ते भंगार वाटेल, अम्मींना तो वेळेचा अपव्यय वाटेल. पण त्याला एक वही आणून द्या, आणि काय जोडले, किती व्होल्ट आले, कोठे बिघडले, हे रोज तारखेसह लिहायला सांगा. हायकोर्टातील एका अधिकाऱ्याने कचेरीचे काम सांभाळून साध्या आरशांनी जे करून दाखवले, त्याच्या पुढचा टप्पा साठवणीचा आहे आणि जगभर त्यावर अजून काम चालू आहे. ते काम करणाऱ्यांत आपल्या वस्तीतील, आपल्या शाळेतील मुले-मुली असावीत, यासाठी आजपासून तयारीला लागू या.