चेंडूआधी खुणा वाचायला शिकवणारे लँड्री

अमेरिकन फुटबॉलची ओळख आपल्याकडे बहुतेकांना टीव्हीवर चॅनेल बदलता बदलताच होते आणि तेवढ्या वेळात दिसते ती निव्वळ धक्काबुक्की. या धक्काबुक्कीत बचाव करणाऱ्याने पहिल्या क्षणी नेमके कोणाकडे पाहायचे, याचे शास्त्र घडविणाऱ्यांत टॉम लँड्री यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

११ सप्टेंबर १९२४ रोजी टेक्सासमधील मिशन या गावी एका मोटार मेकॅनिकच्या घरी लँड्री यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे थोरले बंधू रॉबर्ट विमानासह अटलांटिक महासागरात गेले. स्वतः टॉम यांनी बी-१७ बॉम्बफेकी विमानाचे सहवैमानिक म्हणून ३० मोहिमा पार पाडल्या. इंधन संपून विमान कोसळले, त्यातूनही ते बचावले. युद्धानंतर त्यांनी इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगची पदवी घेतली आणि त्यांचा फुटबॉलही अखेरपर्यंत इंजिनीअरचाच राहिला.

१९५० मध्ये ते न्यूयॉर्क जायंट्सकडून बचावात खेळू लागले. पायांत फारसा वेग नव्हता. ती उणीव त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या फिल्म पाहून, त्यांच्या सवयी टिपून भरून काढली. १९५४ पासून बचावाच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. आक्रमण त्या वेळी व्हिन्स लोम्बार्डी सांभाळत. एकाच संघात असे दोन सहायक असणे हे जायंट्सचे भाग्यच म्हणायचे!

१९५६ मध्ये सॅम हफ हा तरुण संघात आला. महाविद्यालयात तो आघाडीच्या फळीत, समोरच्याला भिडणारा खेळाडू होता. घरच्या ओढीने तो सराव शिबिर सोडून निघालाही होता. त्याला परत आणावे लागले. लँड्री यांनी त्याला चौघांच्या फळीमागे, मधोमध उभे केले. ही जागा मिडल लाइनबॅकरची. येथून सारे मैदान दिसते, आणि फसगतही येथेच सर्वाधिक होते. क्वार्टरबॅक चेंडू एकाच्या हाती दिल्याचा आव आणतो आणि देतो दुसऱ्यालाच. चेंडूमागे नजर गेली, की लाइनबॅकर चुकीच्या दिशेला धावलाच म्हणून समजा.

यावर उपाय म्हणजे चेंडू सोडून खुणा वाचणे. आक्रमकांच्या फळीतला गार्ड क्वचितच खोटे बोलतो. तो रेषेमागून आडवा धावू लागला, तर चेंडू बहुधा त्याच बाजूने जाणार; जोराने पुढे घुसला, तर धाव; ताठ होऊन मागे सरकला, तर पास. आपला फलंदाज चेंडू पडण्याआधी फिरकी गोलंदाजाचे मनगट वाचतो, तसेच हे. त्याला लँड्री यांनी जोड दिली ती आकडेवारीची. अमुक रचनेतून, अमुक इतके यार्ड हवे असताना हा संघ काय करतो, हे हफला सामन्याआधीच पाठ असे. अट एकच होती: खूण सांगेल तेथे जायचे, आपली फट सोडायची नाही. अंगातली सारी रग चेंडूकडे ओढत असताना हे पाळणे रांगड्या गड्याला सोपे नसते.

१९५६ चे विजेतेपद जायंट्सनी शिकागो बेअर्सचा ४७-७ असा धुव्वा उडवून मिळवले. खरी कसोटी मात्र २१ डिसेंबर १९५८ रोजी लागली. क्लीव्हलँडच्या जिम ब्राऊनने त्या मोसमात १२ सामन्यांत १,५२७ यार्ड काढले होते. त्या दिवशी जायंट्सविरुद्ध सात धावांत त्याला मिळाले अवघे आठ यार्ड. जायंट्स १०-० असे जिंकले.

१९६० मध्ये लँड्री नव्या डॅलस काउबॉइजचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या मोसमात एकही विजय नाही! ग्रीन बेला गेलेल्या लोम्बार्डी यांचे धावपटू मोकळी फट शोधून घुसत. त्यावर लँड्री यांनी 'फ्लेक्स' बचाव काढला. आघाडीच्या चौघांपैकी दोघांना थोडे मागे ठेवून त्यांनाही आधी वाचायला आणि मगच हलायला शिकवले. खेळाडूंना तो अंगवळणी पडायला वर्षे लागत. १९६६ ते १९८५ अशी सलग २० वर्षे काउबॉइजनी पराभवांपेक्षा विजय अधिक मिळवले. दोनदा सुपर बोलही जिंकला.

२५ फेब्रुवारी १९८९ रोजी संघ विकत घेताच नव्या मालकांनी त्यांना पदावरून दूर केले. पुढच्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १२ फेब्रुवारी २००० रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.