ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : मुंबई, १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या मराठी शिक्षणतज्ज्ञ होत. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचे काम केले. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांनी तीच पद्धती खेड्यातील आणि आदिवासी मुलांपर्यंत नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना त्यांच्याच. ‘पद्मभूषण’ हा किताब त्यांना १९६२ साली मिळाला.

बालपण व शिक्षण

ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते, त्यामुळे मुलींनी शिकावे हे त्या घराला नवे नव्हते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढील वर्षी अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही आणि १९२१ साली त्यांनी घटस्फोट घेतला. पदरी लहान मुलगी असताना स्वतःच्या कमाईवर उभे राहणे त्या काळी सुशिक्षित स्त्रीलाही सोपे नव्हते. ताराबाईंनी राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. पगाराची आणि मानाची ही जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेच्या बालमंदिरात दाखल झाल्या. त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा या निर्णयाने ठरली.

भावनगर

गिजुभाई बधेका यांनी हे बालमंदिर १९२० साली सुरू केले होते. मारिया माँटेसरी या इटालियन विदुषी मूळच्या डॉक्टर. मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या मुलांना शिकवताना इतार आणि सेग्वँ या फ्रेंच वैद्यांच्या प्रयोगांतून त्यांना कळून आले की, मूल डोळ्यांइतकेच कानांनी आणि बोटांनी शिकते. १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत त्यांनी हीच पद्धत इतर मुलांसाठी वापरली. गिजुभाई आणि ताराबाई यांनी ती गुजराती व मराठी मुलांच्या घरांत, गाण्यांत आणि गोष्टींत मिसळून घेतली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून ताराबाईंनी पालक आणि शिक्षक यांच्यासाठी सातत्याने लिहिले. भावनगरला त्या सुमारे नऊ वर्षे होत्या.

अक्षरओळखीची पद्धती

या बालशिक्षणात वाचनलेखनाची तयारी अक्षरे दाखवण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. नळकांड्यांतून निघणारे बारीकमोठे आवाज ओळखणे, खरखरीत व गुळगुळीत पृष्ठभाग डोळे मिटून चाचपणे, कोठल्या शब्दाच्या आरंभी कोणता ध्वनी आहे हे सांगणे, असे खेळ आधी होतात. मग गुळगुळीत पाटीवर चिकटवलेली खरकागदाची अक्षरे येतात. मूल तर्जनी आणि मध्यमा ही दोन बोटे अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवते आणि त्याच वेळी त्याचा उच्चार करते. डोळा, कान, बोट आणि मुख एकाच वेळी कामाला लागतात. अक्षर पक्के झाल्यावर सुटी अक्षरे जुळवून मूल आपल्या मनातील शब्द मांडते. त्याच्या हाती पेन्सिल नंतर येते आणि पुस्तक त्याहूनही नंतर.

महाराष्ट्राला हे सर्वस्वी परके होते असे म्हणता येणार नाही. पंतोजीच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवत, आणि ‘धुळाक्षरे’ हा शब्द तेथूनच आलेला आहे. त्या शाळेत स्पर्श होता, पण सोबतीला घोकंपट्टी आणि छडीही होती. मुळाक्षरे आणि बाराखडी यांचा सूर लावून घोष चाले. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवणारे मूल मधलेच एखादे अक्षर विचारले की अडखळे.

देवनागरीत हे काम इंग्रजीपेक्षा सोपे आहे, कारण येथे अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच असतो. तरी अडचणी आहेतच. ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते, पण कानाला आधी ‘क’ ऐकू येतो आणि ‘इ’ नंतर. ‘कमळ’ या शब्दातील शेवटचा ‘अ’ लिपीत असतो, उच्चारात नसतो. ‘श’ आणि ‘ष’ यांचा भेद आज बहुतेकांच्या कानी उरलेला नाही. ह्रस्वदीर्घाच्या चुका मोठ्या माणसांचीही पाठ सोडत नाहीत, मग मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणी नुसते पाहून पाठ करणे अपुरे पडते. ध्वनी सुटा करून ऐकणे आणि त्याची खूण हाताने घडवणे हाच मार्ग उरतो. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी जी पद्धती बसवली, तिचाही आधार पाहणे, ऐकणे आणि हालचाल यांची सांगड हाच होता.

दादर ते बोर्डी

१९३६ साली दादर येथे ताराबाईंनी शिशुविहार सुरू केला. मुंबईच्या मध्यमवर्गाने तो उचलून धरला, तरी ताराबाईंच्या मनातला प्रश्न सुटला नव्हता. माँटेसरीची साधने मापात कापलेली, रंगवलेली आणि महाग असत. ती विकत घेऊ शकणाऱ्या घरांतील मुलांना तसेही वाचता आलेच असते. ज्यांच्या घरी पाटीसुद्धा नाही, त्यांचे काय? गांधीजींच्या नयी तालीम विचाराने ही टोचणी अधिकच तीव्र केली.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहरातील स्थिरस्थावर काम सोडून त्या बोर्डी येथे आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. वसई-विरारहून रेल्वेने उत्तरेस गेले की डहाणू रोडनंतर घोलवड हे स्थानक लागते. त्याच्या जवळच समुद्रकाठी बोर्डी हे गाव आहे. वसईपासून येथपर्यंतचा सारा मुलूख त्या काळी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. पुण्याहून आलेल्या शिक्षिका अनुताई वाघ (१९१०–१९९२) येथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि अखेरपर्यंत त्यांच्या सहकारी राहिल्या.

बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातील मुले येईनात. बोलावणी पाठवूनही उपयोग झाला नाही. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वाड्यात नेली आणि एखाद्या घरापुढचे अंगण झाडून तेथे मुले जमवली. आंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे, गाणी, गोष्टी आणि मग मोजणे-मांडणे असा दिवसाचा क्रम असे. पुढे देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या अंगणांतून आला. महाग साधनांची जागा शंख, शिंपले, खडे, बिया, पाने आणि माती यांनी घेतली. शिंपले लहानमोठे लावून क्रम शिकता येतो, बियांनी आकार मांडता येतो, ओल्या मातीत बोटाने अक्षर काढता येते. माँटेसरीचे तत्त्व त्याने बाधित होत नाही, फक्त दुकानाची गरज उरत नाही.

कोसबाड

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलले. भोवती वारली पाडे होते. तेथील पोरे गुरे राखत आणि धाकट्या भावंडांना सांभाळत, त्यामुळे शाळेची वेळ त्यांना परवडत नव्हती. त्यावर कुरणशाळा हा उपाय निघाला. गुरे जिथे चरतील तिथे शिक्षक जाई आणि मोकळ्या माळावर शिकवणे चाले. शाळेच्या आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग जोडून विकासवाडी उभी राहिली, म्हणजे धाकटे भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीलाही वर्गात बसता आले.

येथे अक्षरओळखीचा प्रश्न वेगळाच होता. वारली मुलांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून वेगळी. जो शब्द मुलाने कधी ऐकलाच नाही, त्याचे ध्वनी त्याने कसे सुटे करावेत? म्हणून आधी मुलांच्या ओळखीच्या वस्तू, पक्षी, झाडे आणि गाणी घेऊन बोलणे वाढवावे लागे. अक्षराचा क्रमांक त्यानंतर येई. मुले गळत होती ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, हे ताराबाईंच्या कामाने दाखवून दिले, आणि बालशिक्षणातील त्यांचे सर्वांत मोलाचे योगदान बहुधा हेच असावे. शहरी माँटेसरी शाळांचा मात्र पुढे पुष्कळ ठिकाणी गणवेश आणि घरचा अभ्यास यांनी ताबा घेतला.

अखेरचा काळ

ताराबाईंचे ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निधन झाले. केंद्राचे काम अनुताई वाघ यांनी पुढे चालवले. त्यांना १९८४ साली ‘पद्मश्री’ मिळाली. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देण्यात आले.