‘से’ की ‘टेल’, ‘स्पीक’ की ‘टॉक’? शब्दांची ‘वही’ करणाऱ्या डॉक्टर रॉजेंची गोष्ट

इंग्रजीत मेल लिहिताना गाडी अडते ती अवघड शब्दांवर कमी आणि साध्या शब्दांवर जास्त. ‘से’ लिहायचं की ‘टेल’? ‘स्पीक’ की ‘टॉक’? मग थिसॉरस उघडला जातो. तिथे एका शब्दाला दहा पर्याय मिळतात, पण त्यातला नेमका कुठला घ्यायचा हे काही कळत नाही.

याचं उत्तर ज्याच्या नावाने थिसॉरस ओळखला जातो, त्या डॉक्टरच्या आयुष्यात सापडतं.

पीटर मार्क रॉजे यांचा जन्म १७७९ चा, लंडनचा. वडील मूळचे जिनिव्हाचे, धर्मोपदेशक. पीटर चार वर्षांचे असतानाच ते क्षयाने गेले. पुढे १८१८ मध्ये मामा सर सॅम्युअल रोमिली यांनी पत्नीच्या निधनानंतर काही दिवसांतच आत्महत्या केली. रोमिली म्हणजे त्या काळातले नावाजलेले वकील आणि खासदार. त्या दिवसांत डॉक्टर म्हणून त्यांच्यापाशी होते ते भाचे रॉजेच.

अशा घरातल्या या माणसाला याद्या करायचा नाद होता. जग विस्कटलेलं असलं तरी यादी नीट लावता येते, असं त्यांना वाटत असेल तर नवल नाही.

एडिंबरामधून १९ व्या वर्षी डॉक्टर झालेले रॉजे मँचेस्टरच्या इस्पितळात काम करत होते. तिथे १८०५ मध्ये त्यांनी एक वही तयार केली. लिहिताना योग्य शब्द हाताशी असावा म्हणून केलेली, अगदी खासगी. शब्द अकारविल्हे नव्हते, अर्थानुसार लावले होते.

ही वही जवळपास अर्धं शतक त्यांच्याजवळच राहिली. दरम्यान त्यांनी गणित करायच्या स्लाइड रूलसाठी नवी मोजपट्टी शोधली, फिरत्या चाकाच्या आऱ्या फटीतून वाकड्या का दिसतात यावर निबंध लिहिला आणि वीसेक वर्षं रॉयल सोसायटीचं सचिवपद सांभाळलं. निवृत्तीनंतर वही पुन्हा बाहेर निघाली. १८५२ मध्ये ‘थिसॉरस’ छापून आला तेव्हा रॉजे ७३ वर्षांचे होते.

पुस्तकात कल्पनांचे १,००० गट होते. बोलण्याचा भाग तर बघण्यासारखा आहे. वाणी, तोतरेपणा, बडबड, अबोलपणा, दुसऱ्याला उद्देशून बोलणं, संवाद, स्वगत, सगळे शेजारीशेजारी. बडबडीसमोर अबोलपणा मुद्दाम ठेवलेला, कारण विरुद्ध शब्द दिसला की हवा तो शब्द लवकर सापडतो.

पण शब्दांमधला फरक रॉजेंनी सांगितलाच नाही. त्यांच्या आधी, १७९४ मध्ये, हेस्टर पिओझी या लेखिकेने रोजच्या संभाषणात जवळच्या अर्थाच्या शब्दांतून निवड कशी करावी हे उलगडणारं पुस्तक लिहिलं होतं. रॉजेंनी तो रस्ता धरला नाही. भाषा येणाऱ्या माणसाला शब्द समोर दिसला की तो ओळखता येतो, हा त्यांचा भरवसा होता.

आपली पंचाईत होते ती इथेच. ती ओळख शिकणाऱ्याकडे नसते, आणि थिसॉरस ती देत नाही. त्यासाठी शब्दकोशातली उदाहरणं बघावी लागतात.

‘से’ साधारण आपलं ‘म्हणणं’, तर ‘टेल’ म्हणजे ‘सांगणं’. ‘टेल’ला बहुधा लगेच माणूस लागतो, म्हणून ‘टेल मी’ चालतं, पण ‘से मी’ नाही, ‘से टू मी’ करावं लागतं. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ला मात्र मराठीत एकच ‘बोलणं’, म्हणून घोळ होतो. भाषा येते, व्यासपीठावरून बोलायचंय, तर ‘स्पीक’. कट्ट्यावर गप्पा असतील तर ‘टॉक’.

रॉजे १८६९ मध्ये, नव्वदीत गेले. शेवटपर्यंत ते आपल्या प्रतीत नवे शब्द लिहीतच होते. ती भर घेऊन मुलगा जॉन याने १८७९ मध्ये वाढवलेली आवृत्ती काढली, आणि पुढे ते काम नातवाने चालवलं.