टर्मिनल तुमची पुढची कमांड ओळखतो, त्यामागचं गणित एका कवितेतली अक्षरं मोजून दाखवलं होतं

लिनक्सवर काम करणाऱ्याच्या कीबोर्डवर सगळ्यात जास्त झिजणाऱ्या बटणांत टॅब असणारच. फाइलच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाकायची, टॅब दाबायचा, उरलेलं नाव शेल लिहून देतो. यात अंदाज वगैरे काही नसतो बरं का. त्या अक्षरांनी सुरू होणारी नावं शेल शोधतो, एकच सापडलं तर पूर्ण करतो.

पण फिश शेल वापरणाऱ्यांनी अजून एक गंमत पाहिली असेल. टाइप करता करता पुढची अख्खी कमांड फिकट अक्षरांत दिसायला लागते. ती बहुतेक वेळा तुमच्याच जुन्या कमांड्समधून येते. झेड-शेलमध्ये हेच काम करणारं एक प्लगइन आहे. त्यात एक पर्याय असा आहे, की तुम्ही आत्ता कुठली कमांड चालवली आणि मागे त्याच कमांडनंतर काय टाइप केलं होतं, हे ते बघतं.

थोडक्यात काय, तर आत्ता कुठे आहात त्यावरून पुढे कुठे जाल ते ओळखायचं. हा विचार गणितात पक्का बसवला आंद्रेई मार्कोव्ह नावाच्या रशियन माणसाने. कॉम्प्युटर त्याने कधी पाहिलाच नाही, कारण तो वारला १९२२ मध्ये.

मार्कोव्हचा जन्म १८५६ चा, रियाझानचा. लहानपणी गुडघ्याच्या दुखण्यामुळे कुबड्या घेऊन चालायचा. शाळेत बाकी विषयांत यथातथाच, पण गणितात असा की शाळेत असतानाच विद्यापीठातल्या गणितज्ञांपर्यंत त्याचं नाव पोहोचलं. पुढे सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात चेबिशेव्हसारखा गुरू मिळाला आणि तिथेच तो प्राध्यापक झाला.

गडी हुशार होता आणि तितकाच भांडकुदळही.

त्याचं सगळ्यात गाजलेलं भांडण झालं मॉस्कोच्या पावेल नेक्रासोव्हशी. नेक्रासोव्ह आधी धर्मशास्त्र शिकलेला. त्याचं म्हणणं असं, की मोठ्या संख्येत सरासरी स्थिर राहण्याचा नियम फक्त एकमेकांपासून स्वतंत्र घटनांनाच लागू होतो. समाजातल्या लग्नांचे, गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी साधारण सारखे येतात, म्हणजे माणसं स्वतंत्रपणे निर्णय घेतात, म्हणजेच माणसाला स्वतःची इच्छाशक्ती आहे. गणितातून थेट अध्यात्म!

मार्कोव्ह भडकला. १९०६ मध्ये त्याने दाखवून दिलं, की प्रत्येक घटना आधीच्या घटनेवर अवलंबून असली तरीही सरासरी स्थिर राहू शकते. आज आपण ज्याला मार्कोव्ह साखळी म्हणतो, ती अशी वादातून जन्मली.

मग त्याने खरंखुरं उदाहरण घेतलं. पुश्किनच्या 'येवगेनी अनेगिन' या काव्य-कादंबरीतली पहिली २०,००० अक्षरं त्याने हाताने उतरवली. १० बाय १० चे २०० चौकोन. त्यात स्वर निघाले ८,६३८ आणि व्यंजनं ११,३६२. नंतर जोड्या मोजल्या. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के, व्यंजनानंतर स्वर येण्याची मात्र ६६ टक्के. म्हणजे आधीचं अक्षर कळलं की पुढच्याचा अंदाज सुधारतो. जानेवारी १९१३ मध्ये त्याने हे विज्ञान अकादमीत मांडलं. पुढे १९९० च्या दशकात संशोधकांनी युनिक्स वापरणाऱ्यांच्या कमांड्सवर हाच हिशोब लावून पाहिला, फक्त अक्षरांच्या जागी कमांड्स आल्या.

त्याच वर्षी रशियात झारच्या रोमानोव्ह घराण्याच्या ३०० वर्षांचा सोहळा चालला होता. मार्कोव्हने काय करावं? बर्नूलीचा मोठ्या संख्यांचा नियम छापून आला १७१३ मध्ये, म्हणून त्याने त्याची २०० वर्षं साजरी केली.

सरकारशी त्याचं कधी पटलंच नाही. १९०२ मध्ये मॅक्झिम गॉर्कीची अकादमीवरची निवड झारच्या मर्जीने रद्द झाली, तेव्हा त्याने निषेध नोंदवला. १९०८ मध्ये विद्यार्थ्यांवर नजर ठेवायचा हुकूम प्राध्यापकांना आला, तर आपण सरकारचे हेर नाही म्हणून त्याने चक्क नकार दिला. १९१२ मध्ये तर स्वतःहून चर्चला पत्र लिहिलं, की मला धर्मातून काढून टाका. टॉल्स्टॉयला चर्चने बहिष्कृत केल्याचा राग त्यामागे होता.

क्रांतीच्या वर्षी, १९१७ मध्ये, तो झारायस्क नावाच्या छोट्या गावी गेला आणि तिथल्या शाळेत पगार न घेता गणित शिकवलं. परत आला तेव्हा राजधानीत उपासमार होती. १९२१ मध्ये अकादमीच्या बैठकीला येता येत नाही, कारण पायात घालायला बूट नाहीत, असं या जगप्रसिद्ध गणितज्ञाला कळवावं लागलं. बूट पाठवले गेले. ते धड शिवलेले नव्हते आणि त्याच्या मापाचेही नव्हते.

पुढच्याच वर्षी पायाच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया झाल्या, पण जंतुसंसर्ग झाला आणि २० जुलै १९२२ ला पेट्रोग्राडमध्ये तो गेला. मागे राहिलेला मुलगाही पुढे मोठा गणितज्ञ झाला. त्याचंही नाव आंद्रेई मार्कोव्हच, त्यामुळे पुस्तकांत दोघांची आजही गल्लत होते.